ळ मधला केस

१९८६ साली दस्तगीर पेंटरनं
विट्याच्या मार्केट यार्डाजवळ एक पाटी रंगवली:
ताजा गूळ येथे मिळेल.
पत्रा, ऑइलपेंट, आणि खाली कोपऱ्यात
मुंगीएवढ्या अक्षरात: दस्तगीर, विटा.
‘मिळेल’मधल्या ळ च्या डाव्या गाठीत
ब्रशचा एक केस सुटून अडकला
आणि वाळला तिथंच.

दुकान गेलं. पाटी भंगारात आली.
मी तेव्हा फ्लेक्सवाल्याकडं नोकरीला,
पाटी किलोच्या भावानं उचलली,
स्कॅनरवर मावेना म्हणून फोटो काढला,
आणि रात्री बारा बारापर्यंत माउसनं कडा ओढल्या.
पाटीवर जी अक्षरं नव्हती
ती त्याच्या हातानं काढली; म्हणजे माझ्याच,
पण खोटं काढताना हात आपोआप
दुसऱ्याचा होतो.

फॉन्टला नाव दिलं ठळक.
पुण्याच्या एकानं साडेतीन हजाराला घेतला.
पुढं तो सीडीवर गेला, पेनड्राइव्हवर गेला,
टेलिग्रामवर फुकट झाला,
आणि पलूसपासून आटपाडीपर्यंत
डाळिंबाच्या पेटीवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर,
दहाव्याच्या पत्रिकेवर, क्लासच्या भिंतीवर,
जिथं ळ तिथं
तो केस.

खरं सांगतो, तक्रार द्यायला मीच गेलो होतो.
माझा माल चोरला म्हणून.
लेंगरे वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
फाइल तुमची असेल तर तिच्यावर हक्क सांगू,
आकारावर सांगणं अवघड.
ळ काय हो, आपल्या सगळ्यांचाच.
मग थांबून म्हणाल्या,
आणि फाइलीत जे आहे ते काढलं कुणी?
खाली टायपिंगवाल्यांची खटखट चालली होती.
तीनशे रुपये देऊन मी जिना उतरलो.

गेल्या उन्हाळ्यात तो स्वतः आला.
नातवाच्या मोबाईल दुकानाचा बोर्ड:
चार्जर, कव्हर येथे मिळेल.
हात आता थरथरतो, कप बशीत वाजतो.
मी स्क्रीन त्याच्याकडं वळवली नाही,
त्यानंच मान वाकडी करून पाहिलं.
बराच वेळ.
मग बोट काचेवर टेकवलं, बरोबर गाठीवर.
‘ह्यो माझा हाय.’

मी तयारीत होतो. नाव मागेल, पैसे मागेल,
शिवी देईल. शिवी तर मी पाठच करून ठेवली होती
कित्येक वर्षं, त्याच्या वतीनं.
तो म्हणाला, ‘तेवढा केस काढ की रं.
रस्त्यानं जाताना मान खाली घालून जातोय मी.
अक्षर काय, फाळके मास्तरांच्या
फळ्यावरनं उचललेलं.
माझी म्हणावी तर चूक तेवढी माझी,
आन् तीच तू गावभर लावलीस.’

काढला. दोन क्लिक. एका फाइलीतनं.
बाकीच्या हजारांना कसा हात घालणार,
ते त्याला बोललो नाही.
केस निघाला तसा
हे त्याचं आहे म्हणून दाखवायला
माझ्याकडं काही उरलं नाही,
हेही नाही.

फॉन्टमध्ये माहितीचा एक रकाना असतो,
कुणी उघडत नाही. तिथं माझं नाव होतं.
खोडलं. लिहिलं: मूळ हात दस्तगीर शिकलगार, विटा.
मुंगीएवढं करायला गेलो, जमेना;
तिथं सगळं एकाच मापाचं.

बोर्डाचे पैसे त्यानं मोजून दिले.
मी घेतले.

काचेवरचे स्टिकर नातवानं परस्पर कराडहून आणले,
स्वस्तात पडले म्हणाला.
आज येताना पाहिलं: वर बोर्डावर स्वच्छ ळ,
खाली काचेवर केसाचा,
आणि म्हातारा खुर्ची टाकून बसलेला,
उन्हाकडं पाठ करून,
नखानं स्टिकर खरवडत.