काटा पावती

अकरा वर्षं झाली, मी काट्यावर बसतो.
जिनिंगच्या गेटाशी, कपाटाएवढ्या खोलीत.
ट्रॅक्टर चढतो, थांबतो,
लाल आकडे थरथरतात, मग ठरतात,
ठरले की लिहायचं.
माझं पोट थांबलेल्या गाड्यांवर.

म्हणूनच असेल,
वर्षातून एक दिवस मला सुटलेल्या गाड्या लागतात.

सेलूच्या बाहेर, दुधनेच्या अलीकडं, गायरानात
नांगर धरून आखलेलं लांबोळकं रिंगण.
कमिटीचा नियम : साडेपाचशेच्या आतली गाडी बाद,
पावती आणा.
म्हणून सकाळी सातलाच गेटात रांग.
भंगारातून उठवलेल्या मारुत्या, एक फियाट,
आणि जिंतूरची ती झेन, जिचा सायलेन्सर
बोलतो कमी, शिव्या देतो जास्त.

आमचा मुनीर सतरा नंबर.
काचा नाहीत, मागची सीट नाही,
दारं वेल्डिंगनं बंद, खिडकीतून आत शिरायचं.
आकडा थांबला पाचशे साठवर.
'बसतंय का चाचा?'
'बसतंय. पण जेवून नको येऊस,' म्हणलं,
आणि पावतीवर गोल शिक्का मारताना
हात जरा जोरातच पडला.

नागोराव हमाल आणि मी, एक रुमाल, एक बाटली.
टँकरनं दोनदा पाणी मारलं,
मातीनं दोन्हीदा गिळून टाकलं.
माईकवर पठाडे सर, शाळेत पीटी घेतात,
इथंही तसंच : 'पोरंहो, दोरीच्या मागं! मागं म्हणलं ना!'
भज्याच्या गाड्यावरचा धूर
आणि पेट्रोलचा वास एकाच नाकात.

झेंडा पडला.
बारा गाड्या एकदम, आणि मग काहीच नाही,
नुसता धुरळा, उभा.
बाभळीच्या वळणावर त्यातून एकेक नाक निघायचं,
आपण नंबर वाचेपर्यंत पुन्हा आत.
चौथ्या फेऱ्याला सतरा तिसरा.
पाचव्याला दुसरा.
नागोराव, जो हप्त्याला चार शब्द बोलतो,
माझ्या खांद्यावर चढायला निघाला.
'दाब! दाब की रे! कामून थांबायलास!'
मुनीरला काय ऐकू जाणार.
पण आम्ही त्याच्यासाठी थोडंच ओरडतो.

सहाव्याला चाक चाकोरीत गेलं.
मारुती एकदा आभाळाकडं पोट करून
परत चाकांवर बसली,
तोंड आलेल्या वाटेकडं.
दोरीमागची सगळी माणसं
श्वास घ्यायचं एकमेकांवर सोडून उभी.
मग खिडकीतून एक हात बाहेर आला
आणि छतावर दोन थापा मारल्या,
बैलाला माराव्या तशा.

झेनवाल्याच्या गळ्यात हार पडला,
फटाके झाले, लोक रसवंतीकडं वळले,
पठाडे सरांच्या तोंडात भजं,
तेव्हा सतरा नंबर खोकत खोकत
आपला उरलेला फेरा पुरा करत होता.
बघायला आम्ही दोघं आणि दोरी गुंडाळणारं पोरगं.
त्या फेऱ्याला मी टाळ्या वाजवल्या नाहीत.
रुमाल काढून हातात धरला.

दिवेलागणीला ट्रॉलीत घालून गाडी गेटापुढून चालली होती.
'घे काट्यावर,' मी म्हणलं. घसा बसलेला, आवाज दुसऱ्याचाच.
'आता कशाला चाचा?'
'घे.'
चौघांनी उतरवली, ढकलत वर आणली.
बंपर राहिला तिकडंच, एक दार गेलं,
टाकीत पेट्रोल उरलेलं नाही,
आणि आकडे थरथरले, ठरले :
पाचशे सत्तर.

मुनीर वाकून बघायला लागला.
टपावर, सीटखाली, चाकांच्या आत, त्याच्या कानात,
गायरान चिकटून आलेलं.

पावती फाडली. पैसे घेतले नाहीत.
'माल' लिहिलेल्या रकान्यात
अकरा वर्षं कापूस लिहितोय,
हात त्याच अक्षराकडं निघाला होता.
थांबवला.
लिहिलं : माती.