मानेपर्यंत

आखाडात कुस्त्यांची मैदानं बंद.
तेव्हा गंगावेशीतल्या दुकानात शिकलगार पेंटर
नुसती धडं रंगवून ठेवायचा.
गदा उजव्या खांद्यावर, लंगोट लाल किंवा निळा,
तेलानं चमकणाऱ्या मांड्या. मानेपर्यंत.
पुढं कोरं कापड.
मी ब्रश धुवायचो. भिंतीला टेकून अकरा पैलवान
डोकी यायची वाट बघत.

इंगवले सर चहाला यायचे.
एकदा शिवण उसवलेलं पुस्तक घेऊन आले :
अमेरिका, दीड-दोनशे वर्षांमागची.
तिकडंही म्हणे असे पेंटर होते, घोडागाडीतून गावोगाव फिरणारे.
बर्फ पडलं की घरात बसून धडं करायची,
काळा कोट, लेसची कॉलर, हातात पोथी,
आणि वाटा मोकळ्या झाल्या की
दारोदार जाऊन वर तोंड बसवायचं.
"खरं-खोटं देव जाणे," सर म्हणाले.
शिकलगार ब्रश दातात धरून हसला,
"म्हंजे आमचंच गणगोत की ह्ये."

मग एका पानावर थांबला.
चारेक वर्षांचं पोर. हात चपटे, भाकरी थापल्यागत.
सर म्हणाले, शरीरशास्त्र कच्चं. सावलीचाही पत्ता नाही.
शिकलगारनं चष्मा कपाळावर नेला.
एक बूट पायात, एक हातात.
"सर, हे पोरगं गेल्यावर काढलंय."
"कशावरून?"
त्यानं पुस्तक मिटलं. चहा निवला होता.

चैत्रात, जोतिबाची गर्दी ओसरल्यावर
पाडळीच्या आक्काताई पोवार आल्या.
पदराच्या गाठीत हॉल तिकीट,
त्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा मुलगा.
बोटानं धड दाखवलं. निळा लंगोट.
"तालमीत जायचा?"
"न्हाई ओ. माती लागली की पित्त उठायचं अंगावर.
लांबनं बघत बसायचा."

ती मान काही जुळेना.
तीन दिवस तो खांदे उतरवत राहिला,
दंड खरवडले, छाती आत घेतली.
गदा तेवढी ठेवली.
मी म्हणालो, नवं कापड ताणूया की.
बोलला नाही.

न्यायला आली तेव्हा बाई कितीतरी वेळ बघत होती.
मग म्हणाली, "पायात काय न्हाई व्हय?"

त्यानं पुन्हा रंग कालवला.
कापशी चप्पल, अंगठ्याजवळ लाल गोंडा.
डाव्या पायात घातली.
उजव्यापाशी हात थांबला,
माझ्याकडं बघितलं,
आणि ती दुसरी
कमरेवरच्या हाताच्या दोन बोटांत अडकवून दिली.

बाईनं पैसे मोजले.
विचारलं नाही काहीच.