आत ऋण, बाहेर धन

तानपुरा आला सुटकेसमधून, स्वेटरांत गुंडाळून,
विटेएवढा, विजेवरचा, चार बटणांचा.
अडॅप्टर मात्र मिरजेलाच राहिला,
क्लासच्या भिंतीवरल्या पिवळट सॉकेटमध्ये.
बाईंचा निरोप आला: आहे गं इथेच,
पण आता सगळ्यांचाच झालाय तो.

मुकुल म्हणाला, फोनवर फुकट मिळतो की तानपुरा.
मिळतो. आठवडाभर लावूनही पाहिला.
निषादावर जरा कुठे थांबावं
तर दातांच्या डॉक्टरांचा मेसेज, टिंगकन,
भलत्याच पट्टीत.

मग शनिवारी हॅलिफॅक्सचा उतार उतरत
दुकानं पालथी घातली.
एका पोरसवदा विक्रेत्याने विचारलं, मॉडेल कोणतं?
पेटी उलटी करून दाखवली.
मॉडेल-बिडेल काही नव्हतं,
बॉलपेनने कोरलेलं फक्त,
‘क्लासबाहेर नेऊ नये.’
ते त्याला वाचता आलं नाही हे बरंच झालं,
बाईंनी स्वतः हातात दिली असली तरी.

धर्मादाय दुकानात बादलीभर अडॅप्टर,
शेपट्या एकमेकांत अडकलेले, पन्नास पेन्सला एक.
कुणाच्या दाढीच्या यंत्राचा,
कुणाच्या पाळण्याजवळच्या मॉनिटरचा;
यंत्रं गेली, या मागे राहिल्या.
एक नऊ व्होल्टचा सापडला.
भोकात बसला अगदी नीट, नव्या जावयासारखा,
आणि तसाच गप्प.

शेवटी बाजाराच्या लोखंडी छताखाली
मिस्टर आक्रॉइड.
किल्ल्या, घड्याळाचे पट्टे, बुटांचे तळवे,
आणि डोळ्याला लावायचं एक भिंग.
पेटीवरचं ते इवलंसं चित्र मी कधी पाहिलंच नव्हतं:
एक ठिपका, त्याला वेढणारं अर्धं कडं,
एका बाजूला वजा, एका बाजूला अधिक.
तो म्हणाला, आतला ऋण आहे, लव्ह, बाहेरचा धन.
(सगळ्यांनाच लव्ह म्हणतो.)
हल्ली बहुतेकांचं उलट असतं.

आत ऋण, बाहेर धन.
मला हसूच आलं.
त्याला कसं सांगणार, की ऋण म्हणजे आमच्यात
वजा तर खरंच, पण कर्जही,
आणि बाईंनी फी न घेता शिकवलेले
ते सगळे पलटे.

त्याने वायर कापली,
तांबडी काळीला जोडली, काळी तांबडीला,
डागाचा धूर राळेच्या वासाचा.
चार पाउंड.
जुना, वजनदार आहे, म्हणाला,
जरा गुणगुणेल.

गुणगुणला.
पंचम, जोड, खर्ज, सगळं जागच्या जागी,
आणि त्याखाली आणखी एक सूर, न मागितलेला,
माझ्या पांढरी पाचच्या जवळच,
पण केसभर चढा.
दोघं एकमेकांना घासत होते,
सेकंदाला दोनदा, एखादं बोट ठोकल्यासारखे.
टॉवेलवर ठेवून पाहिलं, खोली बदलली,
स्वयंपाकघरात फ्रिजही त्याच्याच बाजूचा निघाला.

बुधवारी रात्री कंटाळून
पेटीची बारीक चकती थोडी वर फिरवली.
ठोके लांबले.
आणखी थोडी.
थांबले.

आता माझा षड्ज भिंतीतल्या विजेइतका आहे.
गळ्याला जरा वर चढावं लागतं,
तार सप्तकात तर दम लागतो,
पण घर मध्ये बोलत नाही.

बाईंना फोनवर सांगितलं, जरा भीतच.
त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या,
वीज तिकडचीही पन्नासचीच ना गं?
इथेही आहे तो सूर.
पंखा बंद केला की ऐकू येतो.
मी पोरांना म्हणते, आधी पंखा बंद करा.

मग विचारलं, अडॅप्टर पाठवू का, गावचा कुणी येतोय तिकडे?
नको, म्हटलं,
राहू दे सगळ्यांचाच.