काचेची डावी बाजू

फोटोत एक माणूस आहे.
डोक्याला टोपी, दाढीत चिखल,
हातात पहार,
पायांशी आडवी झालेली दीपमाळ.
एवढंच आहे फोटोत.
नाक्यावर त्याचा बॅनर लागलाय दोन पुरुष उंच,
खाली लाल अक्षरांत:
ह्याचं नाव देणार शाळेला?

मी दुधाची पिशवी घेऊन त्याखालून आले
आणि थांबले.
तो आमच्याच अंधाऱ्या खोलीत धुतलेला.
खातू आर्ट स्टुडिओ, दाभोळ, धक्क्याच्या वाटेवर,
जिथे आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं.

काच माझ्याकडे आहे.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.
खिडकीशी धरली.
खतीबसाहेबांची दाढी पांढरी, आभाळ काळं,
आणि डावीकडे, जिथे बॅनर संपतो,
तिथून दीपमाळ अजून चार हात पुढे जाते
आणि तिच्याखाली लखू गुरवाचा पाय आहे.

लखूचं तोंड उघडं. ओरडत असणार.
काचेला ऐकू येत नाही.
त्याच्या बगलेत हात घालून ओढतायत
हमदुल्यांचे दोन मुलगे, सोमा खारवी,
आणि एक बाई, जिची फक्त पाठ दिसते.
पहार जांभ्याच्या चिऱ्याखाली गेलीय.
खतीबसाहेब सगळं अंग टाकून दाबतायत.

वादळानंतरचा जुम्मा होता, बाबा सांगायचे.
खुतबा दोनच वाक्यांचा झाला:
ज्याच्या घरी पहार आहे त्याने पहार आणा.
ज्याची होडी आहे त्याने दोर.

लखू वाचला. पालखीला खांदा मात्र पुन्हा देता आला नाही.
चाळीस शिमगे तो पालखीपुढे निशाण घेऊन
लंगडत चालला,
आणि कुणी विचारलं नाही का लंगडतोस,
कारण सगळ्यांना माहीत होतं.
मग माहीत असणारे एकेक करून गेले.

काच घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले.
सरपंचांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.
म्हणाले, काकू, हल्ली काहीही बनवता येतं.

हल्ली?
तीस वर्षं मी पेन्सिल घेऊन त्या खोलीत बसले.
देवीचे व्रण बुजवले गालांवरचे.
आफ्रिकेत बुडालेल्या खलाशाला त्याच्या बायकोशेजारी बसवलं,
एका सतरंजीवर, एका उजेडात.
मेलेल्यांचे डोळे उघडले ब्रशने,
डोळ्यामागे चार आणे.
पण कुणाचा पाय कापला नाही,
असं म्हणायला तोंड उघडलं
आणि आठवलं,
शाळेचा वार्षिक फोटो, हेडमास्तर म्हणाले होते
कडेची ती झाडूवाली काढा.
काढली. ब्लेडने.
चहा निवायच्या आत झालं काम.
तिचं नाव मला अजून माहीत नाही.

मी तशीच घरी आले.

बॅनर बांधला तो लखूचा नातू, परेश.
गाठ मात्र होडीचीच मारतो.
रात्री त्याच्या पडवीत गेले,
ट्यूबलाइटखाली काच धरली.
तो म्हणाला, हा काळ्या तोंडाचा कोण?
म्हटलं, उलटं असतं ते. तोंड नको बघू. पाय बघ.
त्याने पाहिलं.
आत त्याची आई भांडी घासत होती, ती थांबली.
पाणी पिता का, एवढंच त्याने विचारलं,
आणि मी प्यायले.

आज सकाळी बॅनर तिथेच होता.
डावीकडचा दोर तेवढा सुटलेला.
खाडीवरून वारा येत होता
आणि ती बाजू पुन्हा पुन्हा उचलली जात होती,
जशी कुणी खालून पहार लावलीय,
जसं तिच्याखाली
कुणीतरी अजून आहे.