छपरावरचं जुनं भोक

"भोक पाडायचं नाही,"
गाडीतून उतरायच्या आत शरयू खांबेटे म्हणाल्या.
सगळेच म्हणतात.
छपराला ड्रिल लावते म्हटलं की माणसं
लेकीचे कान टोचताना करतात तशी तोंडं करतात,
आणि तीच माणसं बंपरवर
चार भोकं पाडून शिंगं बसवून घेतात.

घोडपदेवची आमची गल्ली. बोलेरो पंधरा वर्षांची,
वर लोखंडी कॅरिअर, त्यात दोर, घडीचं स्ट्रेचर
आणि एक प्रेशर कुकर. तो कशाला, हे मी विचारलं नाही.
डोंगरात हरवलेल्यांना शोधायला जाते ही गाडी.
"दरीत मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी," त्या म्हणाल्या,
"उजेड पाडायला."

चुंबकाचा अँटेना ठेवून पाहिला.
मीटरचा काटा थेट लाल रंगात जाऊन बसला.
सेट बोलत होता, पण अर्धं बोलणं
त्याच वायरीतून आल्या पावली परत.
"आमच्या थकबाकीच्या निरोपांसारखं," कय्यूम म्हणाला.

कॅरिअरचा दोष.
इतकं लोखंड छपराशेजारी उभं, पण नातं नाही:
रबरी पायांवर, रंगाच्या तीन थरांवर
आपलं वेगळं बिऱ्हाड मांडून बसलेलं.
अर्थिंग गोड बोलून मिळत नाही.
पन्हाळीपाशी रंग खरवडला,
पांढऱ्याखाली लाल लागला, मला वाटलं प्रायमर,
त्याखाली पत्रा, नव्या नाण्यासारखा.
तांब्याची वेणी, दातेरी वॉशर, वर ग्रीसचं बोट.
शरयूबाई पाठ फिरवून
चहावाल्याशी साखरेबद्दल बोलत राहिल्या.

काटा उतरला. पण पुरता नाही.
चुंबक कडेला, गज डोक्यावर;
अँटेनाला मोकळं मैदान हवं, छपराच्या मधोमध.
आता ड्रिलचं कसं सांगावं, या विचारात मी,
आणि कय्यूम वरून ओरडला,
"ताई, इथं एम-सील आहे."

सुपारीएवढा गोळा. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचला, निघाला.
खाली गोल भोक, कडा गंजलेल्या,
आणि आत, छताच्या कापडामागे,
दोन वायरी: लाल, काळी. टोकांना चिंध्या झालेली टेप.

म्हणजे तो लाल, तो प्रायमर नव्हता.
तो पट्टा होता.

"डीलर म्हणाला होता, एका डॉक्टरांची गाडी,"
शरयूबाई म्हणाल्या.
थोड्या वेळानं म्हणाल्या, "तसं खोटं नाही बोलला."

गजाची एक पट्टी सरकवली.
त्याच भोकात नवा पाया, रबरी वायसर, हातभर काडी.
केबल खांबातून खाली; दाराशी तिला एक झोळ दिला,
पाणी आलं तर तिथूनच ठिबकून जाईल, आत येणार नाही.
बॅटरीपासून थेट तार, दोन्ही बाजूंना फ्यूज.
काटा हिरव्यात.

चेंबूरच्या गच्चीवर माझे आप्पा हँडसेट घेऊन तयार.
फोनवर "हं" आणि "बरं" यापलीकडे न जाणारे आप्पा:
"आवाज स्वच्छ. खरखर नाही. वारा पश्चिमेचा.
मागे कोणीतरी भांडतंय. जेवलीस का? ओव्हर."
भांडत होता कय्यूम, दोन चहांच्या तीन पैशांवरून,
म्हणजे तीस रुपयांवरून.

बिलात लिहिलं: भोक पाडण्याची मजुरी, काही नाही.

निघताना शरयूबाईंनी डॅशबोर्डखालचं एक बटण दाखवलं,
बिननावाचं, किंचित सैल.
"हे कशाचं, सहा वर्षांत कळलं नाही."
मी छताच्या कापडात हात घालून
त्या जुन्या वायरींना टेस्टर लावला.
"दाबा."

दिवा लागला.

"कापून टाकू?"
त्यांनी बटण बंद केलं. परत चालू केलं. बंद केलं.
"नको," म्हणाल्या, "टेप तेवढी नवी लावा."