कळलावी

मोरगिरीत माझं औषधाचं दुकान.
मागं निवडुंगाचं कुंपण,
त्यावर दर श्रावणात ही चढते.
पानांच्या टोकांना वेटोळ्या तारा,
फूल आधी पिवळं, मग केशरी, मग लाल,
फुंकर घातलेल्या चुलीसारखं.
खाली मातीत
नांगराच्या फाळासारखा दुबेळका कंद.

हौसाक्का सुईण होती.
पाटणला दिवसातून एकच एसटी जायची तेव्हाची.
बाई अडली की कंद दोऱ्यात ओवून
कमरेला बांधायची
आणि एक हात गाठीवरच ठेवून बसायची.
मूल बाहेर आलं की
नाळेच्याही आधी गाठ सोडायची.
कंद स्वतः नेऊन पुरायची,
कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा.
मग हात राखेनं धुवायची, तीनदा.

"कळ लावती म्हनून कळलावी," म्हणायची,
"पर बांधनाऱ्याला कळाया पायजे
कवा सोडायची ते.
आन् जिभेला न्हाई. कंदी न्हाई."

तिच्या बांधण्यानं किती सुटल्या,
किती आपोआपच सुटल्या असत्या,
किती सुटल्याच नाहीत,
याची वही कुणी ठेवली नाही.

महिपती सुतार आला तो काठी टेकत.
अंगठा वांग्यासारखा सुजलेला,
अंगावरची चादरसुद्धा लागू देत नव्हता म्हणे.
पाटणच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
गोळी इवलीशी, अर्ध्या मिलिग्रॅमची.

काउंटरवर चार माणसं होती
आणि मला शहाणपणाची उबळ आली.
"महिपतीभाऊ, ही गोळी म्हणजे कोण, माहितीये?
आपली कुंपणावरची कळलावी!"
कुणीतरी म्हणालं, "मंग पैशे कशाला घालवायचे?"
सगळे हसले. मीही.
पुढचं सांगायचं होतं मला,
की एका कंदात अशा किती गोळ्या असतात
ते बघून कुणालाच सांगता येत नाही,
एका वेलीचे दोन कंदसुद्धा सारखे नसतात,
की कारखान्यात तिला
आधी गाळून, तोलून, मग

फोन वाजला.
वाक्य तिथंच राहिलं.

त्यानं तो पटाशीनं सोलला.
सुताराचा हात, काप सुबक पडले असणार.
सुपारीएवढा, गुळाच्या खड्याबरोबर.

रात्री उलट्या. पहाटे रक्ताचे जुलाब.
कुणाची तरी जीप, कऱ्हाड, नऊ दिवस.
याला उतारा नाही, डॉक्टर म्हणाले,
सलाईन लावायची आणि वाट बघायची.
चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन.
"तुमीच सांगितलं म्हनं?"
रागावली असती तर बरं झालं असतं.
ती नुसतं विचारत होती.

वाचला.
घरी आल्यावर केस गळाले,
उशीवर रंध्याचा कीस पडावा तसे,
भुवयासुद्धा.

कार्तिकात परत आला दुकानात.
गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.
टोपी काढून काउंटरवर ठेवली,
शेजारी नवी चिठ्ठी.
डोक्यावर नुकतं उगवलेलं काहीतरी,
बाळाच्या जावळासारखं, हलणारं.

मी दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं.
मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघितला.
मोजून पट्टी कापली.
पाकिटावर लिहिलं, वाचून दाखवलं,
पुन्हा वाचून दाखवलं.
फोन वाजत होता, वाजू दिला.
पोट बिघडलं, जुलाब लागले
तर पुढची गोळी घ्यायची नाही,
त्याच दिवशी डॉक्टरांकडं.

"म्हंजे सोडायची कवा, त्ये," तो म्हणाला.

त्याच्या आईच्या वेळी
गाठीवर हात कुणाचा होता
हे मी त्याला विचारलं नाही.

जाताना मागच्या बाजूला वळून उभा राहिला जरा.
वेल वाळून कुंपणात मोडली होती,
ओळखू येत नव्हती.
कंद खालीच आहे.
धोंडा मी ठेवलाय.