दोन चिठ्ठ्या

धुळ्याच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत
मे महिन्यात मी एकटाच:
पुसायला अठ्ठावीस खण,
आणि पंखा गरम हवाच ढवळतोय.

खण अकरा. सुपारीएवढं वेटोळं,
कडेला गाठींच्या दोन ओळी. चिठ्ठीवर एक नाव.
खण बारा. ताटलीएवढं, गुळगुळीत, जड.
चिठ्ठीवर दुसरं.
दोन्ही नर्मदेकडच्या एकाच चुनखडीतले,
रायसिंग पावराने धडगावहून एसटीने
कडब्यात गुंडाळून आणलेले.

बारावालं हातातून सुटलं.

फरशीवर बाहेरचे वेढे निखळले
आणि मी खाली बसून बघत राहिलो.
आमचं घर सहाव्या गल्लीत, शिवणयंत्राचं.
चुण्या मला वाचता येतात.

मधोमध मोहरीएवढा दाणा, कोरा,
पाचवीच्या झबल्यासारखा.
मग बारीक चुण्या, चापूनचोपून.
मग गाठी, ठसठशीत,
मिसरूड फुटलेल्या पोराने कोटाला लावावीत तशी बटणं.
मग गाठी विरत गेलेल्या.
शेवटचा वेढा अगदी साधा,
म्हाताऱ्याची पैरण.

बाप दर जूनमध्ये माझ्या चड्डीची दुमड उसवायचा,
जुन्या टाक्यांची भोकं कापडावर राहायची.
याने तर काहीच उसवलं नाही.
लहानपण अंगावर तसंच ठेवून
वरून मोठेपण शिवत गेला,
आणि आतल्या भिंतींच्या कडा
फर्नच्या पानासारख्या नागमोडी
दगडाला चिकटवल्या. असली शिवण
माझ्या बापाच्याही हातात नव्हती.

अकरावालं मी शेजारी ठेवलं.
गाठीला गाठ. चुणीला चुणी.

बोरसे मॅडम रागावल्या नाहीत.
भिंगातून बराच वेळ बघून म्हणाल्या,
"एकच आहे हे. तो लहानपणी मेला, हा म्हातारा होऊन."
मग एक नाव खोडलं.
नियम असा की आधी ठेवलेलं टिकतं.

मायने आधी ठेवलेलं धुडकू.
माझ्याआधीची दोन गेली होती,
"हाऊ तरी जगो" म्हणत असलं हलकं नाव.
शाळेत मास्तरांनी मुरलीधर केलं,
पगारपत्रकावर तेच आहे.
मॅडमना विचारलं, माणसांना लागतो का हा नियम?
त्या डिंकाची बाटली शोधत होत्या.

निखळलेले वेढे मी परत चिकटवले नाहीत.
खण अकरा आता रिकामा असतो.
त्यात मी डबा ठेवतो.